पेसाखनंतर उरलेला मात्सा: पाणी किती आणि किती वेळ, एवढंच बघायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात सांगते. पेसाखसाठी, म्हणजे आंबवलेलं काही न खाण्याच्या ज्यू सणासाठी, सासूबाईंनी इस्रायलमधल्या अश्दोदच्या सुपरमार्केटमधून मात्साचे, म्हणजे न फुगवलेल्या पातळ कडक रोटीचे, अडीच किलोचे दोन पॅक आणले, सेदेरला (सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला) पाहुणे येऊनसुद्धा एक पॅक अख्खा राहिला आणि दुसरा अर्धा, मात्सा ब्राय (अंड्यात परतलेला मात्सा) खाऊन मुलं कंटाळली, मग आता याचं आपल्या पद्धतीचं काही होतं का, लाडू होतील का, आणि राहिलाच तर पुढच्या पेसाखला चालेल का. मी इथे काशेर (ज्यू आहारनियमांप्रमाणे चालणाऱ्या) केटरिंगच्या किचनमध्ये कितीतरी वर्षं काम करतेय, दर वर्षी पेसाख संपला की आमच्याकडे मात्साचे खोकेच्या खोके उरतात, आणि घरी आमचा स्वैपाक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, मूळ अलिबागकडचा, त्यामुळे दोन्ही बाजूंनी करून बघितलेलं सांगते.

पावणेचार किलो म्हणजे साधारण १२० चौकोन होतात, एक चौकोन ३० ग्रॅमच्या आसपास धरा. हे सगळं एका आठवड्यात संपवायची काही गरज नाही. मात्सा खामेत्स (सणात निषिद्ध असलेला आंबलेला धान्याचा पदार्थ) नाही, त्यामुळे सणात घरात राहिलेल्या ब्रेडबद्दल जो प्रश्न येतो तो याच्याबाबतीत येतच नाही, निवांत खा.

आधी पदार्थ समजून घ्या. फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून बाहेर यायला हवा, म्हणून मळणं घाईचं, भट्टी एकदम कडक, आणि फुगू नये म्हणून सगळीकडे भोकं पाडलेली. मीठ नाही, तेल नाही, यीस्ट नाही. म्हणजे हा पदार्थ कोरडाठाक आणि पाण्यासाठी आसुसलेला, मारी बिस्किट चहात जसं एका क्षणात जातं तसंच याचं होतं. लोक काय करतात, शिळ्या ब्रेडसारखा बाऊलभर पाण्यात टाकतात, फोन घ्यायला जातात, परत येतात तर लगदा, मग तो पिळतात आणि मग म्हणतात मात्साला चव नाही. चव नाही कारण मीठच नाहीये त्यात, आणि जी थोडी भाजल्याची चव होती ती तुम्ही पाण्याबरोबर पिळून टाकली.

म्हणून माझा एकच नियम आहे, मात्सा भिजत घालायचा नाही, ओला करायचा. नळाखाली दोन्ही बाजूंनी मिळून ४-५ सेकंद धरायचा, ताटात ठेवायचा आणि ३-४ मिनिटं विसरायचा. पाणी आपोआप आत जातं आणि तो वाकायला लागतो पण तुटत नाही, ही झाली फोडणीसाठीची आणि अंड्यासाठीची अवस्था. थरांच्या पदार्थाला कोमट पाण्यात किंवा सूपमध्ये अर्धा मिनिट बुडवून कापडावर पसरायचा. हाताने केलेला गोल श्मुरा (गव्हाची खास राखण करून केलेला) मात्सा उरला असेल तर तो जाड असतो, कुठे करपलेला कुठे कच्चट, त्याला मिनिटभर जास्त द्या. आणि मीठ पदार्थाच्या नेहमीच्या अंदाजापेक्षा थोडं जास्तच लागतं, घाबरू नका.

आता तुमचा साठा तीन भागांत करा. अख्खे चौकोन वेगळे (मीना हा थरांचा पदार्थ आणि चॉकलेटचा केक यांसाठी), तुटलेले तुकडे वेगळे, आणि तळाचा चुरा मिक्सरमधून काढून पीठ. पीठसुद्धा दोन जाडीचं ठेवा, रव्यासारखं जाड लाडू आणि कोटिंगला, आणि बारीक क्नेडलाखला (सूपमधल्या मात्साच्या गोळ्यांना). चार चौकोनांचं साधारण एक कप पीठ होतं. उघडा पॅक आधी वापरा, बंद पॅकला हात लावू नका, त्याचं शेवटी सांगते.

उघडा पॅक दमट हवेत राहिला असेल तर मात्सा चिवट झाला असेल, विशेषतः तुमच्यासारखं समुद्राजवळ. तो खराब झालेला नाही. १५० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ५-६ मिनिटं, किंवा मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरलात तर परत मऊ पडतो.

मुलांना पहिल्यांदा देण्यासाठी मी चिवडा सांगेन, कारण त्यात मात्सा आहे हे त्यांना जाणवतसुद्धा नाही आणि डबाभर एकदम संपतो. आठ चौकोन हाताने नखाएवढे मोडा, फार बारीक नको, दोन चमचे तेल आणि मीठ चोळून १५० डिग्रीला १० मिनिटं ओव्हनमध्ये, मधे एकदा हलवायचं. कढईत तेलात मोहरी, हिंग, भरपूर कढीपत्ता, हिरवी मिरची अगदी कडक होईपर्यंत, मग शेंगदाणे, डाळं, सुक्या खोबऱ्याचे काप, शेवटी हळद आणि गॅस बंद करून मात्सा. पिठीसाखर चमचाभर. मिरची नीट कडक झाली नाही तर तिचं पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी चिवडा मऊ, बाकी बिघडण्यासारखं काही नाही यात. रामले, लोद, डिमोना, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे भारतीय दुकानात कढीपत्ता मिळतो, तो गाळू नका. आणि ज्यांच्या घरी सणात मोहरी-शेंगदाण्याला हात लावत नाहीत (अश्केनाझी, म्हणजे युरोपकडच्या ज्यूंचे सून-जावई असतील तर माहीतच असेल, सणात डाळी-शेंगा न खाण्याचा कितनियोतचा नियम) त्यांना आता सगळं मोकळं आहे.

फोडणीचा मात्सा म्हणजे आपली फोडणीची पोळीच. वर सांगितलं तसे चार चौकोन ओले करून ठेवा, मऊ झाले की इंचभराचे तुकडे. कांदा नीट गुलाबी परता, हळद, तिखट, मीठ, साखर चिमूट, तुकडे टाका आणि उलथन्याने हळू, ढवळू नका. दोन मिनिटं झाकण, मग झाकण काढून आणखी दोन मिनिटं मोठ्या आचेवर, म्हणजे कडा खरपूस होतात. लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. यात मी शेवटी दोन अंडी फोडून घालते कधीकधी, मग ते मात्सा ब्रायचं आपलं रूप होतं आणि मुलं ज्याला कंटाळली तोच पदार्थ वेगळा होऊन जातो.

मात्सा ब्रायवर जास्त लिहीत नाही, तुम्हाला येतोच. फक्त एक, मुलांना नको असेल तर बहुतेक वेळा तो गिचका झाल्यामुळे नको असतो. तुकडे मोठे ठेवा, न पिळता अंड्यात घाला, तव्यावर पसरून भाजा. सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यू) लोकांचे बुमुएलोस पण करून बघा, भिजवलेला मात्सा आणि अंडं कालवून चमच्याने तेलात सोडायचं आणि वर मध. ते भज्यासारखे गरमच खायचे, गार झाले की तेलकट लागतात.

आता क्नेडलाख, यावर मात्र मी वेळ घेणार, कारण उरलेल्या पिठाचा याच्याइतका चांगला उपयोग दुसरा नाही आणि यात सगळ्यात जास्त लोक घाई करतात. बारीक पीठ १ कप, अंडी ४, तेल पाव कप (कोंबडीची चरबी असेल तर तीच, चवीला तिला तोड नाही), पाव कप सूप किंवा सोडावॉटर, मीठ १ चमचा, मिरपूड. अंडी फेटा, बाकीचं ओलं घाला, मग पीठ, आणि फक्त एकत्र होईपर्यंतच हलवा. मिश्रण सैल दिसेल, पातळसुद्धा वाटेल, आणि इथेच हात शिवशिवतात आणखी दोन चमचे पीठ घालायला. घालू नका! झाकून फ्रिजमध्ये तासभर ठेवा, पीठ आपोआप पाणी ओढून घट्ट होतं. अर्ध्या तासाने काढलं तरी जमतं पण तासाचं चांगलं.

रुंद पातेल्यात पाणी, त्यात मीठ चांगलं, उकळी आली की आच कमी. ओल्या हाताने गोळे, छोट्या लिंबाएवढे, दाबून गुळगुळीत करायचे नाहीत, नुसते गोल व्हावेत एवढंच. ते दुप्पट होतात म्हणून गर्दी नको. झाकण लावा आणि ३०-४० मिनिटं उघडू नका. आत वाफ असते तिच्यावरच ते मधेपर्यंत शिजतात, सारखं झाकण उघडलं तर मधे पिवळा कडक गोळा राहतो. एक कापून बघा, रंग आतपर्यंत एकसारखा असला की झालं. पाण्यात का शिजवायचे आणि सूपमध्ये का नाही, तर ते सूप पिऊन टाकतात आणि उरलेलं गढूळ करतात, म्हणून शिजवायचे पाण्यात आणि वाढताना सूपमध्ये सोडायचे. काही घरांत घट्ट, दाताला लागणारेच क्नेडलाख आवडतात, त्यांनी एक अंडं कमी घ्यावं आणि फ्रिजमध्ये जास्त वेळ ठेवावं, दोन्ही बरोबर आहे.

आणि आपल्या पद्धतीने? पाण्यात शिजवलेले क्नेडलाख मी हिरव्या वाटणाच्या चिकनच्या रश्श्यात सोडते, कोथिंबीर, मिरची, आलं, लसूण, आणि नारळाचं दूध. काशेर नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, पण नारळाचं दूध पार्वे, म्हणजे ना मांसाचं ना दुधाचं, त्यामुळे मटण-चिकनबरोबर चालतं, आपल्या आज्यांनी कोकणात दही-दुधाऐवजी नारळावर सगळा स्वैपाक उभा केला त्याचा इथे असा फायदा होतो. रस्सा थोडा पातळ ठेवा, १० मिनिटं मंद आचेवर, ते मसाला आत ओढतात. भात लागत नाही बरोबर. माझ्या मते नुसत्या सूपमधल्यापेक्षा हे चांगले लागतात आणि हे मी अश्केनाझी गिऱ्हाइकांनाही खिलवलंय, परत मागून नेतात.

जाता जाता, काही हसिदी (कडक धार्मिक ज्यू पंथाच्या) घरांत पेसाखमध्ये मात्साला पाणी लागूच देत नाहीत, भिजलेल्या मात्साला गेब्रोक्ट्स म्हणतात, न भिजलेलं एखादं पीठ आत राहिलं असेल तर ते खामेत्स होईल ही काळजी. परदेशात ते आठव्या दिवशी खातात, पण इथे सण ७ दिवसांचा, त्यामुळे इथे त्यांच्या घरी क्नेडलाख पेसाख संपल्यावरच होतात. म्हणजे तुम्ही सण संपल्यावर मात्सा शिजवताय यात काही उशिराचं नाहीये.

अख्ख्या चौकोनांसाठी मीना. तुर्कस्तान, ग्रीस, ऱ्होड्स बेटाकडच्या सेफार्दी लोकांचा थरांचा पदार्थ. खिम्याची करा किंवा पालक-चीजची, दोन्ही एकत्र अर्थातच नाही. खिमा कांद्यावर परतून पूर्ण कोरडा करा, आपला नेहमीचा गरम मसाल्याचा खिमा चालतो पण रस नको. गार झाला की त्यात २ अंडी. ट्रेला तेल, चौकोन कोमट सूपमध्ये अर्धा मिनिट बुडवून एक थर, खिमा, परत मात्सा, परत खिमा, वर मात्सा, वरून फेटलेलं अंडं आणि थोडं तेल. १८० डिग्रीला ४० मिनिटं, वर तांबूस आणि कडा कुरकुरीत व्हायला हव्यात. बाहेर काढून १५ मिनिटं थांबा मग कापा, लगेच कापली तर थर घसरतात. पालकाची करताना पालक उकडून दोन्ही हातांनी पिळून घ्या, अगदी थेंब येईनासा होईपर्यंत, कारण मात्सा आधीच ओला आहे, आणखी पाणी घेऊन तो कुठे जाणार. एका ट्रेला ८-९ चौकोन जातात, शबाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) पाहुणे असतील तेव्हा हाच करा.

कोटिंगला तर पीठ डोळे मिटून वापरा. इस्रायलमध्ये श्निट्झेलला लोक वापरतातच, पण मी पापलेट आणि सुरमईला रव्याऐवजी लावते, इथे डेनिस मासा मिळतो त्याला पण. मासा हळद-मीठ-तिखट-चिंचेच्या कोळात मुरवून मग जाड पिठात घोळवायचा. फरक एवढाच की रवा कच्चा असतो आणि हे पीठ आधीच भाजलेलं, त्यामुळे रंग लवकर चढतो, आच मध्यम ठेवा नाहीतर बाहेर काळं आणि आत कच्चं. बटाट्याचे पॅटिस, खिम्याचे कटलेट यांना बांधायला पण, चार बटाट्यांना २-३ चमचे, आणि १० मिनिटं थांबायचं म्हणजे ते पाणी ओढून घेतं.

लाडू होतात, छान होतात. जाड चुरा २ कप, ५-६ चमचे तुपात मंद आचेवर ५ मिनिटं, तो भाजलेलाच आहे म्हणून फक्त तुपाचा वास मुरेपर्यंत. अर्धा कप किसून भाजलेलं सुकं खोबरं, चमचाभर खसखस, वेलची, जायफळ, आणि चिमूट मीठ विसरू नका. १ कप चिरलेला गूळ चमचाभर तूप आणि चमचाभर पाण्यात नुसता विरघळवायचा, पाक करायचा नाही, पाक झाला तर लाडू दगड होतात. एकत्र करून १० मिनिटं झाकून ठेवा मग वळा. मटणाच्या जेवणानंतर द्यायचे असतील तर तूप चालणार नाही, मग दुसरी रीत, सेदेरसाठी आणलेला खजुराचा शिरा, सिलान, उरलाच असेल, २ कप चुऱ्याला १५-२० मऊ खजूर आणि ३-४ चमचे सिलान, भाजलेले बदाम, सगळं फूड प्रोसेसरमधून फिरवलं की लाडू वळले जातात, तूप-गुळाची गरज नाही. हे मला जास्त आवडतात खरं तर. फक्त एलियाहू हन्नाबीचा मलिदा (आपला नवसाचा गोड प्रसाद) मात्साचा करू नका, कुणीतरी सुचवेल तुम्हाला, पण तो पोह्यांचाच, त्याची जागा वेगळी आहे.

मुलांसाठी चॉकलेटचा केक इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, ऊगत मात्सोत. चौकोन गोड किद्दुशच्या (सणाच्या प्रार्थनेच्या) वाइनमध्ये (मुलांसाठी दुधात किंवा द्राक्षाच्या रसात) पटकन दोन्ही बाजूंनी बुडवायचा, चॉकलेट स्प्रेड, परत चौकोन, असे ६-७ थर, वरून चॉकलेट, रात्रभर फ्रिज. भट्टी नाही, काही नाही, मुलं स्वतः करतात. दुसरं म्हणजे टॉफीचा मात्सा, कॅनडातल्या मार्सी गोल्डमन या बेकरबाईंनी १९८० च्या दशकात काढलेला प्रकार, आता अमेरिकेत घरोघरी होतो. ट्रेमध्ये बेकिंग पेपर, त्यावर ५-६ कोरडे चौकोन जोडून, २२५ ग्रॅम बटर आणि १ कप ब्राउन शुगर ३ मिनिटं उकळून वर ओतायचं, १७५ डिग्रीला १२-१५ मिनिटं पण लक्ष ठेवून, साखर जळायला वेळ लागत नाही. बाहेर काढल्यावर वर चॉकलेटचे तुकडे, ५ मिनिटांनी पसरवा, वर जाड मीठ. गार झाल्यावर मोडा. इथे मात्सा अजिबात ओला करायचा नाही, आणि चिवट झालेला वापरायचा असेल तर आधी तो कुरकुरीत करून घ्या.

काय करू नका तेही सांगते कारण हे प्रश्न मला नेहमी येतात. मात्साच्या पिठाची पोळी किंवा पुरणपोळी होत नाही, ते पीठ एकदा भाजून झालंय, त्याला परत मळून चिवटपणा येत नाही, लाटताना फाटतं. उपमा करू नका, चिकट होतो. रस्सा दाट करायला घालू नका, तोंडात कचकच येते. थालीपीठाच्या भाजणीत पाव हिस्सा मिसळलं तर चालतं, त्याहून जास्त नको. आणि रोज सकाळ-संध्याकाळ मात्साच खायला घालू नका घरच्यांना, पोट साफ होत नाही, भाज्या आणि पाणी बरोबर असू द्या.

दोन-तीन चौकोन मात्र न मोडता बाजूला काढा, पेसाख शेनीसाठी, म्हणजे दुसऱ्या पेसाखसाठी. ज्यू कॅलेंडरचा १४ इय्यार, पेसाखच्या आदल्या दिवसानंतर बरोबर महिन्याने, त्या दिवशी मात्साचा तुकडा खायची रीत बऱ्याच घरांत आहे, आणि तेव्हा दुकानात शोधत बसावं लागतं.

राहिला बंद पॅक. त्यावर पेसाखसाठी काशेर असं लिहिलंय का आणि तारीख कुठपर्यंतची आहे ते बघा. तारीख पुढच्या पेसाखच्या पुढची असेल, पॅक फाटलेला नसेल आणि वर्षभर पीठ-ब्रेडपासून लांब कपाटात ठेवणार असाल तर पुढच्या वर्षी चालतो. सेदेरच्या रात्रीसाठी मी तरी ताजाच घेते, जुना आठवड्याच्या मधल्या दिवसांना वापरते. उघडलेला पॅक पुढच्या पेसाखला अजिबात नाही, कितीही घट्ट बांधला तरी वर्षभरात त्या कपाटात ब्रेडचा कण गेला नाही असं कोण सांगणार. शंका असेल तर तुमच्या रब्बींना (धर्मगुरूंना) विचारा, ते पॅक बघून लगेच सांगतील. ठेवायचाच नसेल तर बंद पॅक गरजूंना जेवण देणाऱ्या एखाद्या संस्थेला आत्ताच द्या, तारीख जवळ आल्यावर दिलेलं त्यांच्याही उपयोगाचं नसतं.

मैद्याचा मात्सा कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतो, त्यात तेल नाही म्हणून खवट होत नाही. पूर्ण गव्हाचा मात्र होतो, तो आधी संपवा. पीठ केल्यावर हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये, बाहेर उन्हाळ्यात टोके होतात. पीठ एक कप, दोन कप असं मापून वेगवेगळ्या पिशव्यांत भरा आणि जाड की बारीक ते वर लिहा, म्हणजे क्नेडलाख करायच्या दिवशी एक पिशवी काढली की झालं, वितळायला सुद्धा थांबावं लागत नाही.